उजवीकडचं बटण

बेकारभत्त्याच्या ऑनलाइन अर्जाचं आमच्या खात्याचं पान लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर मावतच नव्हतं; उजवीकडचं ‘सबमिट’ बटण पडद्याबाहेर जायचं. मी दुरुस्ती करून दाखवली, तर आमचा साहेब गॉर्डन आपल्या टेबलाएवढ्या रुंद स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला, “लोरेन, माझ्या स्क्रीनवर तर व्यवस्थित दिसतंय. उगाच खुसपटं काढू नकोस.” तिसऱ्यांदा विषय काढला तेव्हा त्याने मला उचलून हेल्पलाइनवर बसवलं.

तेव्हापासून मी दिवसभर फोनवर एकच सांगते: कंट्रोल धरून वजाचं बटण दाबा, पान लहान होईल आणि सबमिट दिसेल.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या तोंडावर नोकरकपात झाली, त्यात गॉर्डनचीच खुर्ची गेली. आज अर्जाचा शेवटचा दिवस. मुदत संपायला दहा मिनिटं असताना फोन वाजला.

“अहो, लॅपटॉपवर सगळा अर्ज भरून झालाय, पण सबमिटचं बटणच सापडत नाहीये. लवकर सांगा काहीतरी.”

गॉर्डनचा आवाज मी लगेच ओळखला. खुर्चीत ऐसपैस टेकून बसले.

 

“सर, माझ्या स्क्रीनवर तर व्यवस्थित दिसतंय.”