वारुळातला पिवळा नाग

“वारुळाला नांगर लावलास तर याद राख, ठके!” मुरारी बांधावरून ओरडला. “पिवळाधमक नाग हाय त्यात. आबा हायेत ते. रान राखाया आल्यात.”

ठकुबाईने बैल थांबवले. आबा म्हणजे तिचे कैलासवासी सासरे, आणि मुरारी थोरला दीर. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं ती निघोज्याचं हे दोन एकर रान एकटी कसत होती. मुरारीला तिथं देवस्थान करायचं होतं; पुजारी अर्थातच तो! उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्याचा कारभार. पण नागाचं नाव ऐकूनच ठकुबाईचे दोन गडी पळाले, आणि पिंपरीला उभ्या राहणाऱ्या कारखान्याच्या बांधकामावर लागले.

“आबा हायेत तर मला दिसू द्या की,” ती म्हणाली. “चाकणचा कोंडीराम साप धरतो. त्यानं जात सांगावी.”

“देव काय समद्यांना दिसतो व्हय?”

“मग तुमालाच कसा दिसला, भावजी?”

भांडण सोपानराव पाटलांपर्यंत गेलं. ठकुबाईला पेच कळत होता. नाग निघाला तर देव, न निघाला तर रुसलेला देव. दोन्हीकडून रान मुरारीचंच.

“माझ्या पोरीची हळद झाली की दुसऱ्या दिवशी वारूळ खणा,” मुरारी ऐटीत म्हणाला. “पाव्हण्यांदेखत होऊ द्या.”

हळद दणक्यात झाली. सारी आळी एकमेकांना माखून पिवळी झाली. ठकुबाईला बोलावणं नव्हतं. विधवेचा हात हळदीला कोण लागू देतो? तिला राग आला, पण ती रडली नाही. दिवसभर गोठ्यातच राहिली. तिथं उंदरांवर टपून एक जुनी धामण असायची. तिला तिने कधी हाकललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वारुळाभोवती ही गर्दी! ठकुबाई हात पदराखाली घेऊन ताठ उभी होती. कोंडीरामने पहार घातली, ढेकळं उपसली, आणि एक लांबलचक पिवळाधमक साप सळसळत बाहेर आला.

बायकांनी हात जोडले. मुरारी तर सगळ्यांच्या आधी मागे सरला आणि बाभळीला धडकला.

“कोंडीभाऊ, भिऊ नगा,” ठकुबाई म्हणाली. “जात सांगा.”

कोंडीरामने शेपटी धरून साप उचलला. “फडा न्हाई, आकडा न्हाई. ही तर धामण, पाटील.” त्याने तिच्या अंगावरून अंगठा फिरवला, हुंगला आणि हसला. “आन् ह्यो रंग म्हंजे तेल-हळद!”

पाटलांची नजर मुरारीच्या हातांवर गेली. कोपरापर्यंत पिवळे.

“पोरीची हळद आबांना फासलीस व्हय रं?”

“आईची आण, म्या न्हाई!” मुरारी घसा फोडून सांगत होता. पण ऐकतो कोण? चोराच्या उलट्या बोंबा म्हणत पाहुणे हसत सुटले.

“ठकुबाई, धर नांगर,” पाटील म्हणाले.

“धरनारच व्हते. तुमी नगं म्हनला असता, तरी धरला असता.”

पाहुणे पांगले. मुरारी खाली मान घालून गेला. रानात चिटपाखरू उरलं नाही, तेव्हा ठकुबाईने पदराखालचे हात बाहेर काढले आणि नांगराचं रुमणं घट्ट धरलं. नऊ वर्षांनी ते हात मनगटापर्यंत हळदीने पिवळे झाले होते.