आंघोळीला गेलीय

वसुलीवाला दारात आला तेव्हा मुलगा आंघोळ करत होता. क्रेडिट कार्डाचे हप्ते थकवून, फोन बंद करून तो माझ्याकडे लपून राहतोय, हे त्या माणसाला कळू द्यायचं नव्हतं.

"चिरंजीव आहेत का घरात?"

"नाही हो. वर्ष झालं, इकडे फिरकलासुद्धा नाही."

"मग आत नळ कोणी सोडलाय, काका?"

"आमची ही आंघोळीला गेलीय," मी बोलून गेलो.

त्यानं बूट काढले आणि खुर्ची ओढून बसला. "मग थांबतो. मागच्या खेपेला काकूंशीच बोलणं झालं होतं. त्या निदान थापा तरी मारत नाहीत."

मुलानं ऐकलं असावं. नळ बंद झाला, पण कडी काही वाजली नाही. वसुलीवाला बाथरूमच्या दाराकडे बघत राहिला. मला धड उठता येईना, धड बसवेना.


ही तर हिवाळ्यातच वारली; तरी त्याच्याबरोबर मीही त्या दाराकडे डोळे लावून बसलो, आता निघेल बाहेर म्हणून.