पाय धुवायला पाणी

निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. केदारखेड्याजवळच्या पडक्या देवळात गाइडगिरी करणाऱ्या मार्तंडाला धंद्यातलं एकच सूत्र पक्कं ठाऊक होतं: पाहुण्याला माहिती थोडी द्यावी, चीड भरपूर द्यावी. चिडलेला पाहुणा बक्षिसी सढळ हातानं देतो. त्यामुळे खांबांवरची शिल्पं तो पळता पळता दाखवायचा आणि गाभाऱ्यापुढच्या रिकाम्या खड्ड्यापाशी येऊन गळा काढायचा.

"इथं कमळ कोरलेली शिळा होती, साहेब. परक्या फौजायनी उखडून नेली. रानटी लोकं! त्यायला काय कळती देवाच्या दगडाची किंमत?"

औरंगाबादहून आलेल्या भालचंद्रपंतांचे डोळे भरून आले. असा धर्माभिमानी गाइड त्यांनी पाहिला नव्हता. मार्तंड खूश होऊन त्यांना चहाला घरी घेऊन गेला.

अंगणात त्याची आई साळूबाई पाय धुवायला पाणी घेऊन आली. न्हाणीपुढच्या ओल्या दगडावर पाय ठेवताना पंत जरा बिचकले.



"बिनघोर उभे ऱ्हा, साहेब," साळूबाई म्हणाली. "कमळ कोरलेलं हाये, पाय बिलकुल घसरत न्हाई. ह्याच्या बापानं गाडीत घालून देवळातून आणल्ता, तवापासून आमच्या दारात एकबी पाव्हणा पडला न्हाई."