मिटलेलं कोरल

अप्पांनी टाकीत हात घातला आणि हिरव्या कोरलवरून अलगद बोट फिरवलं. त्याचे फुललेले तंतू क्षणात आत गेले. तेवढ्यात फोन वाजला.

मुलगी नोकरीसाठी ओस्लोला गेली, तेव्हा तिची ही खाऱ्या पाण्याची टाकी त्यांच्या गळ्यात पडली. आपल्या नळाला गोड पाणी येतं, म्हणून त्यांनी कौतुकानं तेच घातलं आणि कोरलं पांढरी पडायला लागली. मग तिचे रोज फोन. खारेपणा मोजलात का, दिवा किती वेळ ठेवता, पंप चालू आहे ना? विचारता विचारता तिथली थंडी, बिघडलेली आमटी, चिडका साहेब, सगळं बोलण्यात यायचं. कोरलं सुधारली, तसे फोन रविवारवर आले आणि "सगळं ठीक ना?" एवढ्यावर आटपू लागले.

"आजही मिटलेलंच आहे बघ," अप्पांनी फोन टाकीसमोर धरला. "पाणी तपासलं, दिवा कमी केला. काय खुपतंय त्याला, देव जाणे."

ती बराच वेळ बघत राहिली. "कॅमेरा तुमच्याकडे वळवा जरा."

"मला काय धाड भरलीय?" म्हणत त्यांनी तो वळवला. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली होती, पाणी अजून ठिबकत होतं.

तिनं त्या बाहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "अप्पा, उद्या त्याला हात लावू नका. ते फुललेलं असलं तरी मी फोन करीन."