पडद्याआडचा पाट

उदाचे अत्तर पारखायचे असले की मोरशेट अत्तरवाले आदल्या दिवसापासून तंबाखू सोडीत. त्या सकाळीही त्यांनी विडा घेतला नाही. परसात थंड पाण्याने स्नान केले, डावे मनगट हरभऱ्याच्या पिठाने घासून धुतले आणि पंच्याने न पुसता उन्हात धरून वाळू दिले. मग दुकानात येऊन नव्या कुपीचे बूच काढले, काडीला कापूस गुंडाळून ती तेलात बुडविली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला हलकेच ओढली. तेल काळपट, दाट होते. मधासारखा गोड वास उठला. त्यामागून जुन्या लाकडाचा. मोरशेटांनी एकदाच हुंगले आणि हात मांडीवर ठेवला.

यापुढचे काम त्यांचे नव्हते. अत्तर ज्याच्या अंगावर, त्याच्या नाकाला ते थोड्याच वेळात कळेनासे होते. म्हणून लावायचे मोरशेटांनी आणि पारखायचे त्यांच्या बायकोने, हेमाने, अशी या घराची रीत होती. दुकान आणि माजघर यांमधल्या पडद्याआड ती पाटावर येऊन बसे आणि तिथूनच वास घेई. पाटाची एक पट्टी झिजलेली होती. तो टक्क वाजला की ती आली, हे मोरशेटांना न पाहता कळे. दुपारी जेवायला वाढताना ती निकाल सांगे. कल्याणच्या बाजारात मात्र नाव झाले होते मोरशेटांच्या नाकाचे.

गेल्या शिमग्यात हेमा गेली. तेव्हापासून पाट भिंतीशी उभा होता. तिने पारखून ठेवलेला माल मोरशेट आजवर पुरवीत आले होते. तो आता संपला होता.

ठाण्याच्या एका वकिलांचा कारकून अँब्रोज सकाळच्या आगगाडीने येऊन ओट्यावर बसला. वकिलांच्या मुलाचे लग्न ठरले होते.

“मोगरा-बिगरा नको, शेट. नवरदेवाला बायकी वास नको म्हणतात. ऊदच हवा. पानसुपारीला सगळी कचेरी येणार, कलेक्टरसाहेबसुद्धा. वकीलसाहेब म्हणाले, मोरशेटांनी हो म्हटलं म्हणजे कोर्टाचा शिक्का!”

मोरशेटांनी मनगट पुढे केले. “तुम्ही बघा बरं.”

अँब्रोजने नाक लावले. “वा! आमच्या चर्चमधल्या धुपापेक्षा गोड. द्या बांधून.”

“दुपारी सांगतो.”

“दुपारी काय वेगळं सांगणार? हात तोच, नाक तेच.”

अँब्रोज हसला आणि गावात एक काम उरकायला गेला. मोरशेटांनी शेजारच्या कापडवाल्यापुढे हात धरला. “छान आहे,” तो कापड मोजणारा गज न थांबवता म्हणाला. ‘छान’ने भागणारे नव्हते. भर पानसुपारीत नवरदेवाच्या अंगावर हा ऊद खोटा ठरला, तर मोरशेटांचा शब्द गेला. आणि शब्द गेल्यावर अत्तरवाल्याला कुप्या मांडून बसण्याचे कारण उरत नाही. ते पाणी पिण्याच्या निमित्ताने एकदा माजघरात जाऊन आले. ऊन डोक्यावर आले तेव्हा त्यांनी मनगट नाकाशी नेले. त्यांना काहीच कळले नाही.

जेवायला रतनने वाढले. रतन त्यांची धाकटी बहीण. विधवा होऊन ती माहेरी परतली, त्या दिवशी मोरशेटांनी माजघरातल्या सगळ्या कुप्या स्वतः दुकानात हलविल्या होत्या. तिला आता फूल नाही, अत्तर नाही. मग नुसता वास तरी नाकाशी कशाला, असे त्यांच्या मनात होते. मायेनेच केले होते त्यांनी ते. त्यानंतर पडद्याकडे ती कधी फिरकली नाही, आणि तिला कोणी बोलावलेही नाही.

भात वाढता वाढता तिचा हात थबकला.

“दादा, हा ऊद देऊ नकोस कुणाला.”

मोरशेटांनी वर पाहिले.

“मघाशी पाणी प्यायला आलास, तेव्हा यात लाकूड होतं. आता नुसता गोडवा उरलाय, काकवीसारखा. खऱ्याचं उलट असतं. त्याचा गोडवा आधी जातो.”

“हे तुला हेमाने शिकवलं?”

“वहिनी कशाला शिकवेल? ती तुला निकाल सांगायची तेव्हा मी चुलीपाशीच असायचे.” रतनने भातावर वरण घातले. “कुप्या हलवल्यास, दादा. नाक इथंच राहिलं.”

मोरशेट पानातले संपवून उठले. हात धुऊन बाहेर आले, तेव्हा अँब्रोज ओट्यावर परतला होता.

“हा लग्नाला चालायचा नाही. चांगला मिळाला की निरोप धाडीन.”

“अहो, सकाळी तर घमघमत होता! दुपारी नाक बदललंत की काय, शेट?”

“हो,” मोरशेट म्हणाले.

अँब्रोज मान हलवीत स्टेशनाकडे गेला. मोरशेट आत आले. रतन खरकटे काढीत होती. त्यांनी भिंतीशी उभा असलेला पाट उचलला, त्यावरची धूळ उपरण्याने पुसली आणि तो पडद्याआड, होता त्या जागी, मांडला. कोणासाठी, ते त्यांनी सांगितले नाही.

दुकानात त्यांनी दुसरी कुपी उघडली, उजव्या मनगटाला काडी लावली आणि पडद्याकडे पाठ करून बसले. बाजार सुस्तावला होता. ऊन ओट्यावरून उतरले, समोरच्या भिंतीवर चढले, तिथूनही गेले. आत भांडी वाजली, मग थांबली. बराच वेळ काहीच नाही.

मग पाट टक्क वाजला.

मोरशेटांनी वळून पाहिले नाही. मनगट तेवढे पडद्याच्या बाजूला केले.