शेवटचा डबा

मुलाला न्यायला बाबा आज पाळणाघरात जरा लवकरच पोचले. दारातून आत पाहिलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात धुवायला निघालेली सगळी पोरं हातांवर भार देत, जमिनीवर बसूनच सरकत होती. अगदी त्यांच्या लेकासारखी. त्याचे पाय जन्मापासून साथ देत नव्हते. ही बाकीची तर चांगली धडधाकट!

"ताई, माझ्या पोराची नक्कल चाललीय, आणि तुम्ही हसताय?"

"नक्कल कसली हो, आगगाडी आहे! नळापर्यंत आम्ही गाडीनेच जातो. रोज नवं इंजिन. इंजिन जाईल तसं डब्यांनी जायचं. काल एका इंजिनाने बेडूकउड्या मारल्या, माझी कंबर अजून धरलीय."

"आणि आज?"

"पुढे बघा की."

सगळ्यात पुढे त्यांचा लेक होता. मान ताठ, गाल फुगवून शिट्टी मारत निघालेला. वळणावर त्याने मागे पाहिलं आणि दारात बाबा दिसताच डाफरला, "बाबा, उभा काय राहिलास? बस खाली, गाडी थांबणार नाही!"

इस्त्रीच्या पँटचा विचार न करता बाबा रांगेच्या शेवटी बसले आणि हातांवर भार देऊन सरकू लागले. अर्ध्या वाटेतच त्यांचे दंड भरून आले, धाप लागली.

इंजिन केव्हाच नळाशी पोचलं होतं. साधं दमलंही नव्हतं.