एकशे तेरावा दगड

प्लास्टरचा मोठा पोपडा खाली आला आणि गवंडिणीचा हात थांबला. आतल्या दगडावर आकडा कोरलेला होता, एकशे तेरा.

आकडा तिला चांगलाच ठाऊक होता. चर्चच्या जुन्या नकाशात मनोऱ्याच्या प्रत्येक दगडाला क्रमांक आहे. एकशे बारापर्यंतचे दगड जागेवर आहेत. त्यावर कळस यायचा होता, तिथे आजही पत्र्याची टोपी आहे. बांधणारा होता तिचा पणजोबा. कळसाचे दगड त्यानेच विकून खाल्ले, असं लोकांनी ठरवून टाकलं आणि चार पिढ्या त्यांचं घर 'कळसखाऊ' झालं. तिच्या लग्नातसुद्धा कुणीतरी ते म्हणालंच.

आणि हा एकशे तेरा चर्चमागच्या प्रसूतिगृहाच्या ओल आलेल्या भिंतीत निघाला होता.

तिने फादरांना हाक मारली. ते नकाशा काचेसकट उचलून घेऊन आले. मागोमाग घंटेकाका आले. घंटा वाजवून उरलेला दिवस ते लोकांच्या कामात नाक खुपसण्यात घालवत.

"काय गं कळसखाऊ, आता दवाखाना खायला काढलास?"

छिन्नी लावून तिने आणखी प्लास्टर उडवलं. एकशे चौदा निघाला, पंधरा निघाला. कळसाचे दगड एका बाजूने तिरके. पणजोबाने फटीत बारीक चिपा ठोकून ते सरळ भिंतीत बसवले होते, इतके नीट की तिला मनातून त्याचा अभिमान वाटला.

"दवाखान्याच्या दारावर कोरलेलं सालही चर्चचंच आहे," फादर म्हणाले. "कळस सोडून आधी दवाखाना बांधला, हे पहिल्या फादरांनी लिहून ठेवलं असणार. पण त्यांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या."

"म्हणजे खाल्लं ते वाळवीने," ती म्हणाली. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"जरा हळू ठोका," आतून नर्सबाई ओरडल्या. "बाळ आत्ताच झोपलंय."

फादर वर मनोऱ्याकडे बघत होते. "दगड सापडले. आता कळस चढवायचा का?"

"चढवू की. भिंत पाडावी लागेल." मग ती वळली. "काका, तुमचा जन्म कुठला हो?"

"इथलाच. याच खोलीतला. आमच्या घरातले सगळेच इथे..." घंटेकाका बोलता बोलता थांबले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, एकशे तेरावर हात ठेवला, आणि चर्चकडे चालू लागले.

थोड्या वेळाने घंटा वाजू लागली, सणाला वाजते तशी, लांबलचक.

फादरांनी घड्याळ पाहिलं. "सव्वातीनला कसली घंटा?"

ती सांगणार होती, पण आत बाळ जागं झालं होतं आणि त्याच्या रडण्यापुढे कुणाचं काही ऐकू येईना.